संशोधन मजुरांच्या गावी परत यावे

महोदय,

दिवाळी सरताच बीड जिल्ह्यातील वाड्या-तांडे ओस पडतात आणि उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत ‘कोयते’, मुलाबाळांसह पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. पण पटावरचे मूल हंगामभर उसाच्या फडात असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरीही धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीला सोबत नेले जाते, हे मी वर्गशिक्षिका म्हणून वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि वर्गातली तिची रिकामी जागा आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

विद्यापीठांत या प्रश्नावर प्रबंध होतात. प्रश्नावल्या भरून देणाऱ्या गावाला मात्र निष्कर्ष क्वचितच कळतात. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार ७५ टक्के पालक असतात. संशोधकाने आपले निष्कर्ष सोप्या मराठीत, मजूर गावी असताना, या समितीपुढे मांडणे विद्यापीठांनी बंधनकारक करावे.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. बीड