रुग्ण उठवण्याचे शिक्षण ब्यूरोंनी द्यावे

संपादक महोदय,

मुले परदेशी असलेली पुण्यातील अनेक ज्येष्ठ मंडळी आज घरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या मावशींच्या भरवशावर आहेत. मावशी पाठवताना आधार कार्ड, पोलीस पडताळणी आणि आगाऊ रक्कम यांत ब्यूरो सहसा कसूर करत नाहीत, परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवायचे कसे, हे त्यांतील बऱ्याच जणींना कोणी शिकवलेलेच नसते.

परिणामी घरोघरी दिसते ते काखेत हात घालून वर ओढणे. पक्षाघाताने लुळा पडलेला खांदा अशा ओढण्याने सांध्यातून निसटू शकतो आणि ओढणारीची कंबर धरते ती वेगळीच. वास्तविक रुग्णाला पलंगाच्या कडेशी बसवून त्याची पावले जमिनीवर टेकवावीत व थोडी मागे घ्यावीत, त्याच्या चांगल्या बाजूला व्हीलचेअर तिरकी लावून तिचे ब्रेक लावावेत, पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडाव्यात आणि त्याला पुढे झुकू देऊन मगच उठवावे. हाताला न ओढता कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरावे. मावशींनी स्वतः गुडघ्यांत वाकावे आणि कंबर न पिळता पावले टाकत वळावे. उशीकडे सरकवताना तर दोघांनी अंगाखालची आडवी चादर धरूनच सरकवावे, कारण एकट्याने फरफटत नेल्यास पाठीची त्वचा सोलवटते आणि तिथेच शय्याव्रण (अंथरुणात पडून होणाऱ्या जखमा) होतात. आपले बुटके दिवाणही या कामात मोठा अडथळा आहेत. उंची कमी-जास्त करता येणारा पलंग भाड्याने मिळतो, पण दिवाणखान्याची शोभा जाते म्हणून तो नको असतो!

रुग्ण हाताळताना एका व्यक्तीवर 35 पौंडांहून, म्हणजे सुमारे 16 किलोंहून अधिक भार येऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतील 'नायॉश' या सरकारी संस्थेच्या तज्ज्ञाने 2007 मध्ये सुचवली होती. आपल्याकडे नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 34 नुसार कामगाराला इजा होईल इतके ओझे उचलायला लावता येत नसे, मात्र ते कलम कारखान्यांपुरते होते. साठ-सत्तर किलोंच्या आजोबांना एकटीने न्हाणीघरात नेणाऱ्या मावशींना त्याचा काय उपयोग होता?

तेव्हा ब्यूरोंनी फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष सराव करून घेतल्याशिवाय आणि कमरपट्टा दिल्याशिवाय कोणालाही कामावर पाठवू नये. कुटुंबीयांनीही आंघोळीच्या वेळी दुसरा हात द्यावा आणि कंबर धरली म्हणून रजा घेणाऱ्या मावशींचे पैसे कापू नयेत.

— एक निवृत्त परिचारिका, कोथरूड, पुणे