लिसेन्सियादा, तुम्ही ती सही होऊ दिली नाहीत म्हणून

आदरणीय लिसेन्सियादा,

मेक्सिकोच्या सीमेवरच्या हुआरेसमध्ये सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात (पदवीधर, विशेषतः वकील बाईंना तिथे आदराने असं म्हणतात), म्हणून मीही तेच लिहिते. पत्र मराठीत आहे. तुम्हाला ते समोर बसून स्पॅनिशमध्ये वाचून दाखवणार आहे. पण भोसरी-चाकणचे बरेच कारखानदार आज मेक्सिकोत काम सुरू करायचा विचार करताहेत. तिथे तुमच्यासारखं माणूस सोबत असलं तर काय फरक पडतो, हे त्यांनाही कळावं, म्हणून हे आभार जाहीरपणे मानते आहे.

आमचं काम गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे विजेच्या तारांच्या बांधलेल्या जुड्यांचं. ग्राहक अमेरिकेत, जुळणी सिउदाद हुआरेसमध्ये, गोदाम नदीपलीकडे अमेरिकेतल्या एल पासोत, आणि तारांच्या टोकांना बसणारी टर्मिनल भोसरीहून. सीमेवर निर्यातीसाठी कारखाने उभारायची मुभा मेक्सिकोने १९६५ मध्ये दिली, त्यामुळे हार्नेस बांधणारे कसबी हात इथे भरपूर आहेत. अवघड होतं ते दोन देशांच्या नियमांतून माल, पैसा आणि शब्द सुखरूप नेणं.

जागेच्या कराराची बैठक मला अजून लख्ख आठवते. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे इंग्रजी असे दोन रकाने होते. तुम्ही दोन्ही ओळ न् ओळ मोठ्याने वाचलेत आणि वाद झाला तर कोणता मजकूर धरायचा हे लिहून होईपर्यंत कोणाला उठू दिलं नाहीत. कोणी ‘बघू, होईल’ म्हटलं की तुम्ही त्याच्याच भाषेत विचारायचात: कोण करणार, कोणत्या तारखेला, पैसे कोणाचे? जागामालकाला हाच प्रश्न आणि आमच्या साहेबांनाही हाच. तुमची फी आम्ही देत होतो, तरी आम्हाला वेगळी वागणूक नव्हती. माझा विश्वास बसला तो तिथेच.

इमेक्स या निर्यातदार कारखान्यांच्या परवान्यावर कच्चा माल तात्पुरता म्हणून जकात न भरता आत आणता येतो आणि ठरलेल्या मुदतीत, बहुतेक मालाच्या बाबतीत १८ महिन्यांत, तो बाहेर जावा लागतो, एवढं आम्ही वाचून आलो होतो. त्यापुढचं तुम्ही दाखवलंत. भारताचा मेक्सिकोशी मुक्त व्यापार करार नाही. त्यामुळे भोसरीचं टर्मिनल हार्नेसमध्ये बसून अमेरिकेत गेलं, तरी त्याच्यावरची मेक्सिकन जकात पूर्ण सुटेलच असं नाही. २०२० पासून लागू असलेल्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात त्याचा वेगळा हिशेब आहे, आणि ठरावीक उद्योगांना आयात जकातीत सवलत देणाऱ्या प्रोसेक योजनेत नोंदणी केली तर काही मालावरचा भार हलका होतो. हे सगळं दरपत्रक पाठवायच्या आधी समजलं, म्हणून किंमत नीट लावता आली.

भंगाराचंही तसंच. भोसरीत वायरचे तुकडे साठले की भंगारवाला बोलवायचा. इथे तात्पुरत्या आयातीच्या तांब्याचा उरलेला तुकडासुद्धा कस्टमच्या हिशेबात असतो: परत पाठवा, रीतसर नष्ट करा, नाहीतर कर भरून देशात ठेवा. तुम्ही स्टोअरमधल्या मुलाशेजारी बसून अनेक्सो २४ च्या, म्हणजे कस्टमसाठी ठेवायच्या, साठा-नोंदीत हे भंगार कसं दाखवायचं ते त्याच्याकडून करून घेतलंत. ते काही तुमच्या कामाच्या यादीत नव्हतं.

सीमेवरच्या सारागोसा पुलाअलीकडे आमचा ट्रेलर अडकला, ती संध्याकाळ तर मी विसरणारच नाही. वाहतूकदाराच्या कार्ता पोर्तेवरचं (मालवाहतुकीच्या कागदावरचं) वजन पेदिमेंतोशी (कस्टमच्या घोषणापत्राशी) जुळत नव्हतं. पलीकडे ग्राहकाची लाइन थांबायला आलेली, भोसरीत सकाळ झालेली आणि तिथून फोनवर फोन. कोणीतरी हळूच विचारलं, काही देऊन सुटेल का? तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, चूक कागदात आहे, कागदावरच दुरुस्त होईल. मग कस्टम एजंटशी स्पॅनिशमध्ये, ग्राहकाशी इंग्रजीत बोललात, आणि दोघांनाही एकच गोष्ट सांगितलीत: माल उद्या येईल. ग्राहकाला बरं वाटावं म्हणून ‘आज रात्री’ म्हणाला नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त ऋणी राहायचं आहे ते एका न झालेल्या सहीबद्दल. भरती सुरूही झाली नव्हती, आणि एका मध्यस्थाने सामूहिक कराराची, म्हणजे कंपनी आणि युनियनमधल्या कराराची, तयार फाइल आणून ठेवली होती. युनियनचं नाव, पगाराचे आकडे, सगळं भरलेलं. फक्त आमची सही बाकी. इथे असंच चालतं, असं तो म्हणाला. २०१९ च्या कामगार कायदा दुरुस्तीनंतर असं चालत नाही, कामगारांचा पाठिंबा आणि त्यांचं गुप्त मतदान लागतं, हे तुम्ही आमच्या साहेबांना दोन वाक्यांत समजावलंत. मग फाइल मिटलीत आणि म्हणालात, यावर सही होणार असेल तर माझं काम इथेच संपलं. नव्या ग्राहकासमोर, हातचं काम जाईल हे दिसत असताना, इतकं सरळ बोलणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

त्याच दुपारी तुम्ही आमच्या हिशेबनिसांना कामगारांचं देणं लिहून दिलंत: आग्विनाल्दो, म्हणजे वर्षअखेरचा बोनस, किमान १५ दिवसांचा पगार, २० डिसेंबरच्या आत; करपात्र नफ्यातला १० टक्के वाटा; आणि वर्ष पूर्ण झालं की १२ दिवसांची भरपगारी रजा, जी २०२३ पूर्वी ६ दिवस होती. भोसरीकरांना आग्विनाल्दो दिवाळीच्या बोनससारखा वाटला. तुम्ही म्हणालात, सणासारखा जरूर द्या, पण हक्क म्हणून द्या आणि खर्चात पहिल्या दिवसापासून धरा. १० मेला, मातृदिनी, बायकांना लवकर घरी सोडायचं हेही तुम्हीच सुचवलंत. आमच्या लाइनवर बहुतेक आया आहेत.

नंतर मतदान झालं, पेटी उघडली, करार झाला, आणि तो कामगारांचा स्वतःचा आहे. आता पगाराच्या फेरबोलणीची तारीख जवळ आली आहे. मध्ये कोणी बसायचं, असा विषय निघाला तेव्हा आम्ही तुमचं नाव लिहून पाठवलं. कामगारांच्या प्रतिनिधींचं पत्र त्याआधीच येऊन पडलं होतं, त्यातही तुमचंच नाव होतं. मनापासून आभार, लिसेन्सियादा. तारीख तुम्ही कळवा.

आपली कृतज्ञ,
हुआरेस प्रकल्पाची हिशेब-प्रमुख