चिऱ्याच्या भिंती आणि बावीस मीटर वायर

गुहागर,
वैशाख वद्य पंचमी

चि. बाय हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

गेल्या गणपतीत पाच दिवस इथूनच काम करते म्हणून आलीस आणि तिसऱ्याच दिवशी लॅपटॉप गुंडाळून निघालीस. विहिरीच्या कठड्याशी खुर्ची टाकून, एका हातात छत्री धरून मिटिंग करत होतीस, ते काही डोळ्यांसमोरून जात नाही. तुझे बाबा म्हणाले, नेटची कंपनी बदलू. मी म्हटलं, आधी घर बघू.

ओटीवर नेट पळत होतं आणि तुझ्या खोलीत पोचेपर्यंत मरत होतं. मधे दीड फुटी चिऱ्याच्या तीन भिंती. तुझ्या पणजोबांनी वाऱ्यापावसाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून बांधल्या, त्यांनी वायफायलाही येऊ दिलं नाही. राउटरच्या दोन लहरी असतात. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंत लागली की बसकण मारते. २.४ ची हळू, पण चिवट. दोन भिंती तीही ओलांडते, तिसरीला हात टेकते. त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पितो, मग तर विचारूच नको. तेव्हा कंपनी कुठलीही आणली असती तरी गत तीच. तुझ्या खोलीपर्यंत वायर नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आता ओटीवरच्या डब्यांचं सांगते. खांबावरून काचेची बारीक तार येते ती ज्या डब्यात शिरते त्याला आपण सगळे मोडेम म्हणतो. केबलवाला मुलगा ओएनटी म्हणतो. त्याचं मूळ काम एवढंच, की तारेतून येणारा उजेड विजेच्या भाषेत करून पुढे द्यायचा. राउटर म्हणजे घरचा कारभारी. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. आत कुणाचं काय आलं, ते बघून ज्याचं त्याला देणं हे राउटरचं काम, आणि घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला आतला पत्ताही तोच देतो. स्विच म्हणजे पंगतीतला वाढपी. कुणाचं पान कुठे मांडलंय ते त्याच्या पक्कं लक्षात असतं, एकाचं दुसऱ्याच्या पानात जात नाही.

माझी चूक झाली ती इथे. कंपनीच्या डब्यात मोडेम आणि राउटर दोन्ही एकत्रच असतात हे मला माहीत नव्हतं. मी चांगला राउटर म्हणून नवा आणला आणि त्याला जोडला. म्हणजे घरात कारभारी दोन! वर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. एका वाडीत एकाच नावाची दोन घरं असल्यावर पोस्टमननं जायचं कुठे? दिवसभर एक पान उघडेना. शेवटी त्या मुलाला बोलावलं. त्यानं कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकलं, म्हणजे त्याचा कारभार काढून घेतला आणि नुसतं मोडेमचं काम ठेवलं. कंपनीचा युजर-आयडी आणि पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरला. दहा मिनिटांचं काम, पण मी त्यापायी एक अख्खी एकादशी घालवली. राउटरचा मूळचा अॅडमिन पासवर्डही त्याच वेळी बदलून घेतला. तो सगळ्या जगाला पाठ असतो म्हणे.

वायर चिपळूणहून आणली. दुकानदारानं आधी स्वस्तातली दाखवली. मी त्याच्यासमोरच ब्लेडनं एक तार खरवडली, तर वर तांबं आणि आत पांढरं अॅल्युमिनियम! आपल्या खाऱ्या हवेत ते किती टिकणार? निखळ तांब्याची, कॅट-६ दर्जाची नेटची वायर घेतली. माळ्यावरून वाशांच्या कडेनं पीव्हीसी पाइप टाकून त्यातून नेली, नाहीतर उंदरांची दिवाळी झाली असती. ओटीवरून एक वायर माजघरातल्या फडताळापर्यंत, तिथे पाच पोर्टांचा स्विच, आणि तिथून पुढे तुझ्या खोलीत. एकूण २२ मीटर भरली. १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे ती काळजी नव्हती. स्विच आधी माळ्यावरच ठेवणार होते, पण कौलांखाली दुपारी हात लावून बघितला आणि बेत बदलला.

टोकाला कनेक्टर मात्र मी स्वतः लावले. आत आठ तारा असतात, दोन-दोन पीळ घातलेल्या. पीळ सोडायचा, तारा सरळ करायच्या आणि क्रमानं लावायच्या: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तुला पाढे पाठ करून घेतले तसा हा मी आठवडाभर देवपूजा करताना म्हटला. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त सोडायचा नाही. सगळं केलं, चिमट्यानं दाबलं, दिवा लागला, मी खूश. आणि संध्याकाळी बघते तर हजार मेगाबिटच्या जागी वेग शंभरावर अडकलेला. कंपनीला नावं ठेवायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. मग भिंग घेऊन खिडकीशी बसले. सात तारा कनेक्टरच्या टोकाला भिडलेल्या, आठवी, तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढी मागे राहिलेली. शंभराच्या वेगाला चार तारा पुरतात, हजाराला आठच्या आठ लागतात. टोक कापलं, नवा कनेक्टर लावला. चौथ्या खेपेला जमलं. वाया गेलेले तीन बाबांनी मोजून ठेवलेत.

बाबांचंही ऐक. पुढेमागे पडवीत लागेल म्हणून स्विचला एक जादा वायर लावून तिचं दुसरं टोक फडताळात तसंच सोडलं होतं. यांना लोंबतं काही बघवत नाही. त्यांनी ते टोक स्विचच्या रिकाम्या पोर्टात नीट खोचून ठेवलं. झालं! स्विचचे सगळे दिवे एकदम पिसाटल्यासारखे लुकलुकायला लागले आणि घरभर नेट बंद. वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की आतला निरोप गोल गोल फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला वाढत जातो. तासभर मी राउटर बंद-चालू करत बसले आणि हे शेजारी उभे राहून "मी तर काही हात लावला नाही" म्हणत होते.

तुझा पुण्याचा जुना राउटर, जो तू अडगळीत टाकून गेली होतीस, तो आता तुझ्याच खोलीत वायफाय देतो. त्याचं डीएचसीपी, म्हणजे आतले पत्ते वाटायचं काम, बंद केलंय, पत्ता बदललाय आणि वायर त्याच्या लॅन, म्हणजे घरातल्या वायरींच्या, पोर्टात लावलीय, म्हणजे तोही कारभार करायला जाणार नाही. मिटिंगसाठी मात्र लॅपटॉपला वायरच लाव.

लाइट जाते तेव्हाचंही केलंय. आधी मोडेम आणि राउटरच इन्व्हर्टरवर घेतले आणि स्विच विसरले, त्यामुळे अंधारात ओटीवर नेट आणि तुझ्या खोलीत ठणठणाट. आता तिघंही एकाच बोर्डवर आहेत. वळीव गडगडायला लागला की मात्र तो बोर्डच काढून ठेवायचा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण लाइटच्या वायरीतून येते. आपल्या जुन्या लँडलाइनचा फोन कसा काळा ठिक्कर पडला होता, आठवतंय ना? तो तांब्याच्या तारेचा प्रताप. तू मिटिंगमध्ये असलीस तरी मी बोर्ड काढणार, तेव्हा चिडू नकोस.

वायफायचा पासवर्ड पत्रात लिहीत नाही. देवघरातल्या पंचांगात, भाद्रपदाच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.

तुझी,
आई

ता. क. येताना कनेक्टरचं एक पाकीट आण. पडवीची वायर ओढायची राहिलीय. बाबांना सांगू नकोस किती आणलेस ते.