हुगोवाल्या दादाला जाहीर थँक्यू

दादा,

फोनवर थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, ठेव आता" करून विषय उडवून लावतोस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

ब्लॉग चालू झाला! जेकिल की हुगो (दोन्ही साध्या फाइलींमधून अख्खी साइट बनवून देणारे प्रोग्राम) या घोळात मी अडकले होते तेव्हा तू एवढंच म्हणालास की जेकिलला आधी रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिचा सगळा गोतावळा बसवावा लागतो, हुगो म्हणजे एकच प्रोग्राम, टाकला की चालू, आणि तुला रुबी शिकायचीच नाहीये तर कशाला त्या भानगडीत पडतेस. मिटला प्रश्न.

सगळ्यात जास्त आभार त्या उघड्याबोडक्या पानासाठी. लॅपटॉपवर साइट झकास, गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या साइट ठेवायच्या सोयीवर, चढवली तर नुसता काळा मजकूर आणि निळ्या लिंका, रंग नाही काही नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता स्क्रीन शेअर कर, मी करून देतो. तू मला ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडायला लावलास आणि लाल झालेल्या सीएसएस फाइलचा (पानाचं रंगरूप ठरवते ती) पत्ता मोठ्याने वाच म्हणालास. वाचता वाचताच दिसलं की त्यात रेपोचं, म्हणजे गिटहबवरच्या माझ्या प्रोजेक्टच्या फोल्डरचं, नावच नाहीये! प्रोजेक्टची साइट गिटहबच्या पत्त्यापुढे रेपोच्या नावाखाली असते, ते नाव बेसयूआरएलमध्ये (सेटिंग्जमधल्या साइटच्या मूळ पत्त्यात) नसलं की ब्राउझर सीएसएस भलतीकडेच शोधत बसतो. एक ओळ बदलली आणि झालं. आता काहीही बिघडलं तरी मी आधी ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', कुठे येतोय ते बघते.

आणि ती गायब पोस्ट, ड्राफ्ट फॉल्स (म्हणजे कच्ची नाही, प्रसिद्ध करायची) असूनही दिसेना, एरर पण नाही. हाताने लिहिलेल्या तारखेला टाइमझोन नसेल तर हुगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो, आपलं घड्याळ यूटीसीच्या पुढे, म्हणजे त्याच्या हिशोबाने पोस्ट अजून भविष्यातली, आणि भविष्यातल्या पोस्ट तो गुपचूप वगळतो. हे कोणाला सुचणार होतं रे? कॉन्फिगमध्ये, म्हणजे साइटच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, टाइमझोन टाकल्यापासून कटकट नाही.

थीमच्या (साइटच्या आयत्या रूपड्याच्या) फोल्डरला हात लावू नको, बदलायची ती फाइल त्याच नावाने, त्याच रस्त्याने स्वतःच्या लेआउट्स फोल्डरमध्ये ठेव, हुगो आधी तुझी घेतो, हेही तुझंच. तेव्हा उगाच शिस्त वाटली होती, परवा थीम अपडेट केली आणि माझा फूटर (पानाच्या तळाचा भाग) जसाच्या तसा राहिला तेव्हा पटलं.

एका बाबतीत मात्र तुझं ऐकलेलं नाही. मराठी शीर्षकाला इंग्रजी स्लग (लिंकमधलं पोस्टचं नाव) दे म्हणालास, कारण लिंक कॉपी केली की देवनागरीच्या एकेका चिन्हाची नऊ-नऊ कॅरेक्टर होतात आणि टक्क्यांच्या चिन्हांची ही लांबलचक माळ लागते. खरंय, पण अॅड्रेस बारमध्ये मराठी दिसतं ते मला आवडतं, सो राहू दे.

सर्चचं घोंगडं अजून भिजत पडलंय, मागे सर्व्हर नाही म्हणजे शोधाशोध ब्राउझरमध्येच करायची एवढं कळलंय. शनिवारी फोन करते, उचल.