रक्तनमुन्याच्या सदोष नळ्यांबाबत तक्रार

प्रति,
गुणवत्ता व ग्राहक तक्रार विभाग

विषय: पेशीमुक्त डीएनएसाठीच्या 10 मिली रक्तनळ्यांचा सदोष लॉट मागे घेण्याबाबत

महोदय,

रक्तात पेशींबाहेर मोकळे तरंगणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे पेशीमुक्त डीएनए, जपण्यासाठी या नळ्या असतात; त्यात आम्ही कर्करोगाच्या गाठीतून आलेला डीएनए शोधतो. ज्या लॉटबद्दल ही तक्रार आहे त्याचा क्रमांक, पावती, छायाचित्रे आणि चाचणीचे आलेख सोबत जोडले आहेत. न वापरलेली नळी नुसती उजेडात धरली तरी दोष दिसतो. तळाचा, पेशी स्थिर करणारा द्रव नितळ असायला हवा. तो गढूळ आहे आणि नळी हलवली की बारीक पांढरे कण वर येतात. शिवाय बऱ्याच नळ्यांत रक्त खुणेच्या खालीच थांबते, म्हणजे आतला व्हॅक्यूम कमी झाला आहे. द्रव गढूळ असल्यास नळी वापरू नये, असे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे. मग या नळ्या तपासणीतून सुटल्या कशा?

दोष रक्त काढण्यातला नाही. एकाच वेळी, एकाच शिरेतून आपल्या नळीत आणि साध्या ईडीटीए नळीत (यातले रसायन रक्त फक्त गोठू देत नाही) रक्त घेतले. ईडीटीएचे रक्त दोन तासांत आणि आपल्या नळीतले आपण दिलेल्या मुदतीच्या आत 1,600 जीवर (गुरुत्वाच्या 1,600 पट बलाने) 10 मिनिटे फिरवले; बफी कोटला, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या थराला, धक्का न लावता वरचा प्लाझ्मा (रक्तातला पेशीविरहित द्रव) काढून तो पुन्हा 16,000 जीवर 10 मिनिटे फिरवला. डीएनए तुकड्यांच्या लांबीच्या आलेखात ईडीटीएच्या नमुन्यात 167 बेसजोड्यांजवळ (बेसजोडी हे डीएनएच्या लांबीचे एकक) एक सुळका येतो; तो पेशीमुक्त डीएनएचा. आपल्या नळीच्या आलेखात तो आहे, पण त्यापुढे लांब तुकड्यांचा मोठा उंचवटाही आहे. हा लांब डीएनए फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा. या पेशी फुटू न देणे एवढ्याचसाठी ही महाग नळी घ्यायची असते.

आता याचा अहवालावर होणारा परिणाम पाहा. 10 नॅनोग्रॅम डीएनएत जीनोमच्या (माणसाच्या संपूर्ण डीएनए संचाच्या) सुमारे 3,000 प्रती असतात. गाठीतून आलेला वाटा 0.1 टक्का असेल, तर म्युटेशन (गाठीची ओळख पटवणारा डीएनएतला बदल) असलेल्या प्रती जेमतेम 3. त्यात पांढऱ्या पेशींचा 90 नॅनोग्रॅम मिसळला की वाटा 0.01 टक्क्यावर येतो, आणि चाचणीत पूर्वीइतकेच 10 नॅनोग्रॅम घातले तर सरासरी 0.3 प्रत हाती लागते. अहवाल येतो ‘आढळले नाही’. एकूण डीएनए भरपूर भरल्यामुळे नमुना उलट उत्तमच वाटतो, ही यातली सर्वांत घातक गोष्ट.

अशा अहवालावर आता उपचार ठरतात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायनॅमिक’ (DYNAMIC) या रुग्णांवरील वैद्यकीय चाचणीत दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडतो का, या तपासणीवरून केमोथेरपी द्यायची की नाही हे ठरवले गेले. केमोचे प्रमाण 28 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आले आणि दोन वर्षांच्या निकालात रुग्णांचे नुकसान झाले नाही. पण तिथे ‘आढळले नाही’ या निकालावर विसंबता येत होते. आपल्या नळीमुळे तसे विसंबता येत नाही, आणि ज्याला केमोची गरज आहे असा रुग्ण उपचारावाचून राहू शकतो.

दुसरी तक्रार जाहिरातपत्रकाबद्दल. याच नळीतल्या पेशी टी-पेशींच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) कार्यचाचणीलाही चालतील, असे त्यात म्हटले आहे. हे चूक आहे. पेशी फुटू नये म्हणून स्थिर केली की ती आकाराने शाबूत राहते, पण प्रतिजन (प्रतिकारशक्तीला जागे करणारा परका घटक) दिसल्यावर इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकाराचे संकेतप्रथिन सोडत नाही. कार्यचाचणीसाठी हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) असलेल्या नळीतले रक्त लागते, आठेक तासांत पेशी वेगळ्या कराव्या लागतात, 10 टक्के डीएमएसओत (गोठवताना पेशी जपणाऱ्या द्रवात) मिनिटाला 1 अंश या गतीने गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात. आपल्या नळीवर विसंबून कोणी कर्करोग लस तपासली, तर चांगली लसही निकामी ठरेल.

हा लॉट ताबडतोब मागे घ्यावा आणि तो घेतलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेला लेखी कळवावे, म्हणजे या नळ्यांवरचे ‘आढळले नाही’ अहवाल त्यांना पुन्हा तपासता येतील. या लॉटच्या व्हॅक्यूम चाचणीची नोंद आणि वाहतुकीतल्या तापमानाची नोंद आम्हाला द्यावी. खोके वाटेत अतिथंड झाले असावे असा आमचा संशय आहे. कार्यचाचणीचा दावा पत्रकातून काढावा. नळ्या बदलून द्याव्यात आणि फेरनमुन्यांचा खर्चही कंपनीने सोसावा. शिल्लक नळ्या सीलबंद ठेवल्या आहेत. आपल्या प्रतिनिधीने त्या तपासणीसाठी घेऊन जाव्यात.

आपला,
प्रयोगशाळा प्रमुख