दिव्याची टाकी माझ्याकडे आहे, पोच द्या आणि घेऊन जा

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी मी तिकीट काढून आपल्या खात्याच्या त्या जुन्या घरात गेले. तिथल्या दिवाणखान्यातले दिवे, आरसे, झुंबरे मी 19 वर्षे पुसली आहेत, म्हणून दारातच पाय अडखळला. आपल्याला आठवत असेल, पाच महिन्यांपूर्वी त्याच दिवाणखान्यात उभे राहून आपण शब्द दिला होता : नूतनीकरणात काम फक्त छताचे आणि वायरिंगचे होईल, आतली एकही वस्तू तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हलणार नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

आता त्या शब्दाचे काय झाले ते ऐका.

खिडकीजवळच्या कोनाड्यांत आर्गां पद्धतीच्या दिव्यांची जोडी होती. आर्गां नावाच्या स्विस माणसाने 1780च्या दशकात वात नळीसारखी पोकळ केली, आतून-बाहेरून हवा खेळवली, वर काचेची चिमणी बसवली, आणि एका दिव्यात सहा-सात मेणबत्त्यांचा उजेड आणला. तेव्हाचे तेल दाट. ते वातीतून वर चढत नसे, म्हणून टाकी वातीच्या बाजूला आणि उंच लावायची, म्हणजे तेल आपल्याच वजनाने उतरते. पुढे 1850च्या दशकात रॉकेल आले. ते पातळ, वातीत आपोआप चढणारे, तेव्हा टाकी खाली बैठकीत गेली. टाकी कुठे आहे एवढे पाहिले तरी दिवा साधारण कोणत्या काळातला याचा अंदाज येतो. शाळेच्या मुलांना मी हेच सांगायचे, आणि ती वाकून वाकून टाकी बघायची.

आता बघायला टाकीच नाही. दोन्ही दिव्यांच्या टाक्या करवतीने कापल्या आहेत. कापलेल्या तोंडावर पितळेची चकती डकवली आहे आणि वातीच्या जागी एलईडी बल्ब बसवला आहे. पहाऱ्यावरच्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, "मॅडम, एका बाजूला फुगीर दिसत होता, म्हणून नीट केला." त्या मुलाचा दोष नाही. त्याला जे सांगितले ते त्याने मला सांगितले.

भिंतीवरच्या मेणबत्तीदाण्या तर ओळखूच आल्या नाहीत. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा होता. सोने पाऱ्यात कालवून लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा, अशी ती पद्धत. त्या वाफेने कारागिरांचे हात थरथरायला लागत, दात पडत. एवढे करून हाती येतो तो थर केसाहून कितीतरी पातळ. मी त्यावर कधी ओले फडके लावले नाही. कोरडा मऊ ब्रश, तोही वरून खाली, बस्स. आता त्या पितळेच्या पॉलिशने घासल्या आहेत. पानांच्या कडांवरचे सोने निघून खालचा धातू उघडा पडला आहे, सोने उरले आहे ते फक्त खाचांत. ते परत येणार नाही, साहेब. नवे चढवता येईल, पण ते नवे असेल.

मोठ्या आरशाची काच बदलली. जुन्या काचेमागे कथील आणि पारा होता. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 साली काचेमागे चांदी चढवायची रीत काढली, त्याच्या आधीची ही पद्धत. म्हणून त्यात चेहरा किंचित करडा दिसायचा. कंत्राटदाराला तो "खराब" वाटला असणार. मागचा पारा कोणी, कसा, कुठे टाकला, हे तरी कुणी विचारले का? तो विषारी असतो.

आणि उजेड! सोनेरी चौकटी, मेणबत्तीमागे आरसा, लोलकांचे झुंबर, हे सगळे श्रीमंती मिरवायला होतेच, पण एक ज्योत दहा ठिकाणी दिसावी यासाठीही होते. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप. मेणबत्तीचा उजेड साधारण 1900 केल्व्हिनचा, पिवळा आणि हलता. पॅसेजमध्ये पडलेल्या नव्या बल्बच्या खोक्यावर मी वाचले, 6500 केल्व्हिन, म्हणजे निळसर पांढरा. रेशमी पडद्यांवर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचे माप) वर उजेड पडू देऊ नये, हा संग्रहालयांत सगळीकडे पाळला जाणारा दंडक. रेशमाचे नुकसान साठत जाते, भरून निघत नाही. मंगळवारी पडद्यापासून हातभर अंतरावर झोतदिवा होता. 20 नोव्हेंबर 1992 रोजी इंग्लंडमधल्या विंडसर किल्ल्याला आग लागली ती दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटल्यामुळेच. राजवाडा जळाला, आपले घर काय वाचणार?

माझ्या मोजणीने झुंबराचे 31 लोलक नाहीत. मान वर करून, डोळ्यांत पाणी असताना मोजले, दोन-चार इकडेतिकडे असतील. चूक असेल तर आपल्या खात्याने आपली यादी जाहीर करावी.

हे मी कोण सांगणारी? कंत्राटी कामगार. 19 वर्षांत कायम झाले नाही. हातमोजे माझ्या पैशांचे. एक लोलक पुसायचा तर एका हाताची ओंजळ खाली धरायची आणि दुसऱ्याने पुसायचे. झुंबराला तीन दिवस लागायचे, शिडीवर मान उलटी. उजवा खांदा आता वर जात नाही. छत गळायचे त्या रात्री आजारी आईला शेजारणीवर सोपवून मी तिथे बादल्या बदलत बसले आहे. त्या छताबद्दल सहा पत्रे लिहिली. एकाच पत्राला उत्तर आले : "आपला अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे." ती शाखा कोणती, ते काम सुटेपर्यंत कळले नाही. मला घरी बसवले त्या दिवशी चाव्या घेतल्या, पण कोणत्या वस्तूला काय चालते आणि काय चालत नाही, हे कुणी विचारले नाही. मी वही भरून ठेवली होती. अजून माझ्याकडेच आहे.

आपल्या कार्यालयात ते दोन दिवे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, आहेत. "पितळी दिवा, जुना, नग 2." वरच्या ओळीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खालच्या ओळीत पंखा. नोंदच अशी, तर कापणाऱ्याचा हात का थांबावा? निविदा निघते ती "नूतनीकरणा"ची, काम मिळते सर्वांत कमी दर भरणाऱ्याला. सोन्याच्या मुलाम्याची आणि संडासाच्या फरशीची एकच निविदा! देयक मंजूर होते ते चकाकी बघून. जुने जुने दिसले की अधिकाऱ्यांना वाटते काम झालेच नाही. लंडनमध्ये जॉन सोन या वास्तुरचनाकाराचे घर आहे. ते होते तसेच राहावे म्हणून 1833 साली तिथल्या संसदेने कायदा केला. एका माणसाच्या घरासाठी कायदा. आपल्याकडे शब्दसुद्धा पाच महिने टिकत नाही.

काम आज थांबवा. झोतदिवे काढा. काढलेली काच, लोलक, खिळा न् खिळा भंगारात जाण्याआधी मोजून बंद करा, आणि धातू व काच यांच्या जतनाचे शिक्षण घेतलेला माणूस आणा. एवढेच मागते.

राहिली एक गोष्ट. मागच्या अंगणातल्या राडारोड्यात मला एक टाकी सापडली. कडेला करवतीचे दाते उमटलेत, आत तळाशी तेलाचा काळा थर अजून आहे. ती मी ओढणीत गुंडाळून घरी आणली. दुसरी खूप शोधली, सापडली नाही. सरकारी वस्तू घरी ठेवली म्हणून गुन्हा नोंदवायचा असेल तर जरूर नोंदवा, निदान पंचनाम्यात तिचे नीट वर्णन तरी होईल. नाहीतर कुणाला तरी पाठवा. कागदावर "दिव्याची तेलाची टाकी, डाव्या दिव्याची, कापलेली" असे लिहून, सही करून पोच द्या आणि घेऊन जा.

आपली,
त्या घराची जुनी कर्मचारी