काकांच्या पायाबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मन्या,

फोनवर काकांच्या पायाचं धड बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. जखम भरली हे फार बरं झालं, पण निवांत होऊ नकोस, कारण शुगरच्या पेशंटच्या पायाची एकदा भरलेली जखम वर्षभरात परत होण्याचं प्रमाण जवळजवळ 40 टक्के आहे. आणि काका जे सारखं म्हणतात ना, "मला काही दुखतच नाही", त्याचीच मला भीती वाटते रे. शुगरने नसा बधिर झाल्यात, बुटात खडा गेला तरी कळणार नाही, आणि या वयात वाकून स्वतःचा तळवा बघणं जमत नाही, त्यात नजर अधू.

आता नवीन काय आलंय ते सांगतो. कातडी फुटायच्या आधी आतल्या आत सूज येते आणि तेवढीच जागा गरम होते. मग दोन्ही पायांच्या त्याच जागांचं तापमान रोज मोजायचं, अंगठ्याला अंगठा, बोटांच्या मुळाला बोटांचं मूळ, टाचेला टाच, आणि फरक 2.2 अंश सेल्सिअसच्या वर सलग दोन दिवस राहिला की चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. त्वचेचं तापमान मोजणारा साधा इन्फ्रारेड थर्मामीटर असला तरी चालतं, पण आता सेन्सरवाली मॅट निघालीये, त्यावर थोडा वेळ उभं राहायचं आणि रीडिंग आपोआप पाठवलं जातं, वाकायचं नाही, आकडे लिहायचे नाहीत, काकांसारख्यांना हेच सोयीचं. 2017 च्या एका अभ्यासात अशा मॅटने 97 टक्के जखमांची सूचना सरासरी 37 दिवस आधी दिली होती. अर्थात ती उगाचही बऱ्याचदा वाजते, ज्यांना पुढे काहीच झालं नाही अशांचेही अलर्ट भरपूर होते, तरी मला विचारशील तर उगाच वाजलेलं परवडलं. फक्त एक लक्षात ठेव, दोन्ही पायांना एकदमच त्रास असेल किंवा एका पायाचं रक्ताभिसरण खराब असेल तर ही तुलना फसू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचार.

सेन्सरवाले मोजे पण मिळतात, आणि बुटात घालायचे इनसोल, जे एकाच जागी फार वेळ दाब पडला की मनगटावरच्या घड्याळात सूचना देतात, मग बसायचं किंवा वजन दुसऱ्या पायावर घ्यायचं. 2019 च्या एका छोट्या ट्रायलमध्ये असे अलर्ट मिळणाऱ्यांना जखमा बऱ्याच कमी झाल्या. पण सत्तरी उलटलेल्या माणसाने घड्याळ चार्ज करायचं, ब्लूटूथ जोडायचं, अलर्ट आला की तो पाळायचा, हे सगळं रोज होणार का ते तूच बघ, मला तरी काकांसाठी मॅट किंवा थर्मामीटरच बरा वाटतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, यंत्र फक्त सांगतं, पुढचं घरच्यांनी करायचं असतं. अलर्ट आला आणि काका "अरे जरा फिरून येतो" म्हणाले तर काही उपयोग नाही, तेव्हा तू किंवा वहिनी, एकाने हे अंगावर घ्या, अलर्ट कोणाच्या फोनवर येणार आणि त्या दिवशी डॉक्टरांना फोन कोण करणार हे आधीच ठरवा. आणि पाय एकदम लाल, गरम, सुजलेला दिसला, जखम नसली तरी, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा, कारण आतली हाडं ढासळत असू शकतात आणि वेळीच आधार दिला नाही तर पायाचा आकार कायमचा बिघडतो.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा ती बारीक नायलॉनची तार तळव्याला टेकवून संवेदना बघतात ना, 10 ग्रॅमवाली, ती टेस्ट आणि पायातलं रक्ताभिसरण, दोन्ही करून घे. मॅटचं तेव्हाच विचार, घरी वापरायला देतात का, आणि रीडिंग तिकडे कोण बघतं. काय म्हणाले ते मला लगेच कळव, आणि काकांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
सुध्या